पाचर मी लावली

लिहून ठेवणार : भालचंद्र शांताराम तांबट, वय वर्षे शहात्तर, निवृत्त टूलरूम फोरमन, राहणार फरीदाबाद, हरियाणा.

हे मृत्युपत्र मी माझ्या हाताने, माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून लिहीत आहे. माझी बुद्धी जाग्यावर आहे. अक्षर मात्र पूर्वीइतके वळणदार राहिलेले नाही. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी भुलवलेले नाही, आणि मी कसलीही नशा केलेली नाही. दुपारचे तीन वाजले आहेत, एक चहा झाला आहे. आमचे वकील राजाभाऊ समोर बसले आहेत. ते म्हणतात, "काका, एवढं पुरे. आता मालमत्तेवर या." पण जे मी चार ओळींत उरकले, त्यावरच माझ्या घरात सहा महिने वाद चालू आहे, म्हणून त्यावर थोडे थांबणे भाग आहे.

माझी एकुलती मुलगी उल्का डॉक्टर आहे. गुडगावच्या एका इस्पितळात ती मेंदूचे स्कॅन वाचते. मागल्या वर्षी जानेवारीत मला अर्धांगाचा हलका झटका आला, तेव्हा तिने माझाही वाचला. या वर्षी मी खालच्या मजल्याविषयी (कलम पाच पाहावे) माझा विचार सांगितला, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, तुमच्या मेंदूच्या पुढच्या भागात एक छोटासा डाग आहे. असा डाग असला की माणूस एकाच गोष्टीला चिकटून बसतो. हे तुम्ही नाही ठरवलेलं, यार. तो डाग बोलतोय."

मी म्हणालो, "डाग मागल्या वर्षीचा आहे. गोष्ट चौतीस वर्षांपूर्वीची आहे."

तरी तिच्या समाधानासाठी मी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी तारीख, वार आणि पंतप्रधान विचारले. शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. मी दोनपर्यंत आलो आणि शून्याच्या खाली जायचे का असे विचारले. त्यांनी हसून प्रमाणपत्र दिले, ते सोबत जोडले आहे. उल्का मनाने फार चांगली आहे, हेही नोंदवतो. ती मला वाचवायला बघते आहे. पण जे वाचवायचे त्यातून मीच वगळला गेलो तर वाचवले कोणाला?

कलम एक. माझ्या देहाला विजेच्या दाहिनीत अग्नी द्यावा. दिवस-वार करू नयेत. भेटायला आलेल्यांनी "वेळ आली होती" असे म्हणू नये. मी पन्नास वर्षे बिडी ओढली आहे, आणि ती माझ्या तोंडात कोणी आणून ठेवली नव्हती.

कलम दोन. या घराचा वरचा मजला, बँकेतील ठेवी, माझ्या पत्नीचे दागिने आणि घरातील सर्व सामान उल्काला द्यावे. माझी पत्नी वीणा सहा वर्षांपूर्वी गेली. तिने हे घर विटेविटेने बांधून घेतले, कंत्राटदाराशी रोज भांडून. दक्षिणेच्या भिंतीला खिडकी ठेवू नका असे सगळे सांगत होते, तिने ती ठेवली, आणि हिवाळ्यात सगळे शेजारी ऊन खायला आमच्याकडेच येत. ती खिडकी उल्काने बुजवू नये.

या मृत्युपत्रात ज्याची व्यवस्था लावलेली नाही, किंवा ज्याची लावली पण ती कायद्याने टिकली नाही, ते सर्वही उल्कालाच जावे.

कलम तीन. माझी हत्यारे. माझे वडील पुण्याच्या तांबट आळीत घंगाळी ठोकत. त्यांचे दोन हातोडे, माझा मायक्रोमीटर, व्हर्नियर, कानशींचा संच आणि लोखंडी पेटी शहरातील सरकारी आयटीआयला द्यावी. अट एकच. पेटी काचेच्या कपाटात ठेवू नये. मुलांच्या हाती द्यावी.

इथे थोडी बढाई मारतो, कारण मेल्यावर मारता येत नाही. १९६९ साली एका ट्रॅक्टरच्या भागाची डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा पोलादी साचा, आम्हाला परदेशातून मागवावी लागे. मी अकरा आठवड्यांत ती आमच्याच कारखान्यात बनवली. पहिला तुकडा निघाला तो शतांश मिलिमीटरपर्यंत बरोबर होता. परदेशी इंजिनियरने तो तीनदा मोजला आणि चौथ्यांदा मला मोजायला दिला. या दिल्ली-फरीदाबादेत माझ्यासारखा डायमेकर त्या काळी दुसरा नव्हता. असेल तर त्याने पुढे यावे.

कलम चार. चांदीचा पेला. हा प्राध्यापक विश्वनाथ यांना, मुनिरका येथे, घरपोच द्यावा. का, ते सांगतो.

विश्वनाथ आणि मी १९५९ साली एकाच महिन्यात दिल्लीत आलो. करोल बागेत तीन वर्षे एका खोलीत राहिलो. पुढे तो कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवू लागला, मी कारखान्यात शिरलो. आमचा वाद पहिल्या आठवड्यात सुरू झाला तो अजून संपलेला नाही. स्टोव्हवरचे दूध उतू गेले की तो म्हणे, "जाणारच होतं." मी म्हणे, "तू बघत नव्हतास." त्याचे मत असे, की जगात जे घडते त्याला आधीची कारणे असतात, त्या कारणांना त्यांच्या आधीची, माणूस हा त्या साखळीतला एक दुवा, आणि "मी ठरवले" हा त्या दुव्याला झालेला भास. देव, पत्रिका, यातले तो काही मानत नाही. पण त्याचे ऐकून घरी आले की पत्रिका मानणारे परवडले असे वाटते. ते निदान ग्रहांची शांत तरी करून देतात.

१९७८ च्या गणपतीत करोल बागेतल्या आमच्या मंडळाने वादसभा ठेवली. विषय, माणूस कर्ता की निमित्त? निमित्ताच्या बाजूने विश्वनाथ, कर्त्याच्या बाजूने मी. उत्सवाचा चौथा दिवस, शनिवार, संध्याकाळी सहा वाजता. सभा मी जिंकली. अध्यक्ष अण्णासाहेब यांनी पेला देताना म्हटले, "कारखान्यातले असूनही किती शुद्ध बोलले!" अण्णासाहेब आता नाहीत. त्यांच्या चिरंजीवांना माझा मराठी शब्दकोश द्यावा. परवा त्यांचा फोन आला होता, त्यात मला मराठी शोधावे लागले.

विश्वनाथ पायऱ्या उतरताना म्हणाला, "भालू, तू जिंकणार हे ठरलेलंच होतं." तेव्हा माझ्या खिशात काय होते हे त्याला माहीत नव्हते. ते पुढच्या कलमात येते. पेल्यावर माझा हक्क नाही, म्हणून तो त्याला देतो. तो घ्यायचा की नाही हे विश्वनाथनेच ठरवावे. ठरवणे हा भास आहे असे म्हणत तो बसून राहिला, तर पेला राजाभाऊंनी त्याच्या टेबलावर ठेवून यावे.

कलम पाच. या घराचा खालचा मजला, अंगणासह, श्रीमती बिमलादेवी, कै. रामफल यांच्या पत्नी, राहणार बल्लभगढ, यांना द्यावा.

राजाभाऊ म्हणतात, कारण लिहू नका, कारण लिहिले की कोर्टात फाटे फुटतात. मी कारण लिहिणार. साऱ्या आयुष्यात मला हेच एक लिहायचे आहे.

आमच्या प्रेस मशीनला दोन बटणे होती, एक डाव्या हाताला, एक उजव्या. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा घण खाली येई. म्हणजे घण खाली येताना कामगाराचे दोन्ही हात बाहेर असणारच. यात वेळ जातो. म्हणून सगळ्या फरीदाबादेत एक युक्ती चाले. डाव्या बटणात लाकडाची पाचर ठोकायची, की ते दाबलेलेच राहते. मग उजव्या हाताने बटण दाबायचे आणि डाव्याने पत्रा आत सरकवायचा. काम दीडपट होते. (उल्काला पाचर हा शब्द माहीत नव्हता. कामगार तिला फच्चर म्हणत.) माझ्या शॉपमध्ये पाचरीला बंदी होती. ती मीच घातली होती आणि तिचा मला अभिमान होता.

त्या शनिवारी एक ऑर्डर पुरी करायची होती, आणि मला चारच्या आत सुटून करोल बाग गाठायचे होते. सकाळी अकराला मी लाकडाचा तुकडा तासला, प्रेसवर काम करणाऱ्या रामफलच्या मशीनपाशी गेलो, आणि परत फिरलो. तुकडा बाकावर ठेवला. पाऊण वाजता तो पुन्हा उचलला आणि डाव्या बटणात ठोकला. रामफल म्हणाला, "साहब, आप तो मना करते हो." मी म्हणालो, "आज के दिन चलेगा."

दीड वाजता रामफलच्या डाव्या हाताची चार बोटे गेली. तो सव्वीस वर्षांचा होता.

मी त्याचा हात माझ्या शर्टात गुंडाळला. गाडी बोलावली. आणि गाडी येईपर्यंत, सगळे त्याच्याकडे बघत असताना, मी ती पाचर काढून खिशात टाकली. इस्पितळात त्याची बायको आली, बिमला, वीस-बावीस वर्षांची, कडेवर मूल. डॉक्टर म्हणाले, आता तुमचे इथे काम नाही. मी उसना शर्ट घातला, बस पकडली, आणि सहा वाजता करोल बागेत उभा राहून चाळीस मिनिटे बोललो, की माणूस आपल्या कृत्याचा कर्ता आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाचर खिशात होती. ही गोष्ट लिहिताना मला आजही लाज वाटते, आणि ती वाटते तोवर मी शुद्धीवर आहे असे समजावे.

पुढे चौकशी झाली. त्या मशीनचा, घण अडवून धरणारा क्लच खरोखरच थोडा झिजलेला होता. अहवालात लिहिले, यांत्रिक बिघाड, कोणीही दोषी नाही. मी गप्प बसलो. मॅनेजरने माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला अजून लागते आहे.

विश्वनाथला मी दुसऱ्याच दिवशी सारे सांगितले. तो माझा मित्र, त्याला माझे दुःख बघवेना. त्याने समजूत घातली, "अरे, ऑर्डरची घाई मॅनेजरची. सभा मी ठरवली. जिंकायची खुमखुमी तुझ्या वडिलांची. त्या पाऊण वाजता तू जो होतास, तो दुसरं काही करूच शकत नव्हता."

मी म्हणालो, "अकरा वाजता केलं होतं की! परत फिरलो होतो."

"अकराची कारणं वेगळी होती."

"कारणं तीच होती. मी वेगळा वागलो."

यावर त्याच्याकडे उत्तर होते. त्याच्याकडे नेहमीच असते. माझ्याकडे फक्त ते पावणेदोन तास आहेत. अकरा ते पाऊण. कोणी काही म्हणो, त्या पावणेदोन तासांत मी दोन्ही बाजूंनी वागून पाहिलेले आहे.

रामफलला मी गेटवर नोकरी मिळवून दिली. दर दिवाळीला त्याच्या घरी जात असे. तो गल्लीत सांगे, साहेब देवमाणूस आहे. १९९६ साली निवृत्त झालो त्या दिवशी मी त्याला चहाच्या टपरीवर बसवून पाचरीचे सांगितले, खिशाचेही सांगितले. तो हसला. "छोड़ो साहब. लिखी थी. आप ना लगाते तो कोई और लगाता." वर त्याने माझ्या चहाचे पैसे दिले. तीन वर्षांपूर्वी तो वारला. बायकोला त्याने यातले काही सांगितले नव्हते.

आता बघा. कारखान्याने म्हटले क्लच, विश्वनाथने म्हटले कारणे, रामफलने म्हटले नशीब, आणि पोटची पोर म्हणते डाग. सगळ्यांनी मिळून मला दोषमुक्त केले. कोणी मला विचारले नाही की मला सुटायचे आहे का. १९६९ ची डाय माझी, असे मी छाती पुढे काढून सांगतो आणि सगळे माना डोलावतात. तिथे कोणी कारणांची साखळी आणत नाही. मग १९७८ ची पाचरही माझी. ज्या हाताला पहिलीची शाबासकी हवी, त्याने दुसरीचे पाप झटकू नये. मी बटणात अडकवलेले लाकूड नाही. मी ते अडकवणारा माणूस आहे. हे पद मी कोणालाही सोडून देणार नाही.

या वर्षी बैसाखीच्या सुमारास मी बल्लभगढला गेलो आणि बिमलाबाईंना सारे सांगितले. त्यांनी नेहमीसारखा पाण्याचा पेला पुढे केला होता. ऐकता ऐकता त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. इतकी वर्षे त्या मला "आप" म्हणत आल्या होत्या.

"फच्चर तूने ठोकी? निकालकर जेब में तूने रखी? और तीस दिवाली मेरे घर की मिठाई खाता रहा?"

मी म्हणालो, "हाँ."

"मैं सारी उमर भगवान से लड़ती रही. मंदिर जाना छोड़ दिया मैंने. और करने वाला यहाँ खाट पर बैठकर चाय पीता था! निकल जा."

मी निघालो. गल्लीतल्या बायका बघत होत्या. माझी मान ताठ होती. चौतीस वर्षांत मला माणूस समजून बोलणारे पहिले माणूस भेटले होते.

खालचा मजला मी त्यांना देतो तो बोटांची भरपाई म्हणून नाही. चार बोटांची भरपाई करणारी वास्तू या शहरात बांधलेली नाही. ज्याने केले त्याने काहीतरी केलेही पाहिजे, म्हणून देतो.

कलम सहा. या मृत्युपत्राची अंमलबजावणी राजाभाऊंनी करावी. कोणी याला आव्हान दिले आणि म्हातारा भ्रमिष्ट होता असे म्हटले, तर कोर्टाला माझी विनंती की कलम तीन ते पाच मोठ्याने वाचावे.

इथपर्यंत लिहून झाले तेव्हा दारात रिक्षा थांबली. बिमलाबाई आल्या आहेत. कलम पाचसाठी त्यांचा पत्ता आणि ओळखपत्र लागेल म्हणून राजाभाऊंनी निरोप धाडला होता. त्या येतील असे आम्हा कोणालाच वाटले नव्हते. रविवार म्हणून घरी आलेल्या उल्काने त्यांना खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत. पुढे जे झाले ते राजाभाऊंचा विरोध असताना मी इथेच लिहीत आहे.

राजाभाऊंनी त्यांना पाचवे कलम हिंदीत वाचून दाखवले. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, क्लचपासून मिठाईपर्यंत. त्या डोळे न हलवता ऐकत होत्या. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "मकान नहीं चाहिए. इसके घर में मैं कैसे सोऊँगी?"

राजाभाऊ म्हणाले, "ठीक है. नहीं लेना तो मत लीजिए. आपकी मर्ज़ी."

मग उल्का बोलली. आवाज हळू होता. "आंटी, हे... ये सब पापा की बीमारी की वजह से है. इन्होंने जानबूझकर कुछ नहीं किया होगा."

बिमलाबाईंनी तिच्याकडे नीट पाहिले. रागाने नाही. "बेटी, तेरा बाप है, तू तो बचावेगी. पर मेरे आदमी का हाथ बीमारी ने नहीं लिया." मग राजाभाऊंना म्हणाल्या, "वकील साब, ये जो लिखा है, कल को कोई कह दे कि झूठ है, बूढ़ा पागल था, तब?"

राजाभाऊंनी सांगितले की त्यासाठीच दोन साक्षीदार असतात. त्यांच्यादेखत सही होते आणि ते लिहून देतात की माणूस शुद्धीवर होता.

"तो एक मैं."

राजाभाऊंनी त्यांना कायदा समजावला. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचे आहे त्याने साक्षीदार म्हणून सही केली, तर मृत्युपत्र टिकते पण त्याचा वाटा बुडतो. सही केली तर मजला कायमचा गेला. उद्या मन बदलले तरी मिळणार नाही. त्यांनी हे दोनदा सांगितले.

"समझ गई," त्या म्हणाल्या. "पेन दो."

उल्का उठून खिडकीपाशी गेली. मग परत आली, माझ्या शेजारी बसली, आणि माझ्यापुढचा कागद तिने हाताने सपाट करून धरला, सही करताना हलू नये म्हणून.

राजाभाऊ विचारतात, पाचवे कलम खोडू का? खोडू नये. ते निष्फळ होणार हे मला पुरते ठाऊक आहे. मी दिले, हे राहू द्यावे. त्यांनी नाकारले, हेही राहू द्यावे. दोघांनी आपापले केले आहे, आणि मला याहून मोठा मान कोणी दिलेला नाही.

वरील सर्व मी लिहिले, वाचले, आणि मला हवे तसेच आहे. यापूर्वीची कोणतीही लिखाणे असल्यास ती रद्द समजावीत.

ठिकाण : फरीदाबाद
रविवार, १४ ऑक्टोबर २०१२

(सही) भालचंद्र शांताराम तांबट

साक्षीदार पहिला : राजाभाऊ, वकील, फरीदाबाद. तांबटकाकांनी माझ्यासमोर आणि दुसऱ्या साक्षीदारासमोर सही केली. ते पूर्ण शुद्धीवर आहेत. मी चार ठिकाणी खोडायला सांगितले. त्यांनी एकही शब्द खोडला नाही.
(सही)

साक्षीदार दुसरी : बिमलादेवी, कै. रामफल यांच्या पत्नी, बल्लभगढ. त्यांनी सांगितले तसे राजाभाऊंनी हिंदीत लिहून घेतले, वाचून दाखवले, आणि खाली त्यांनी स्वतः सही केली :

"ये आदमी होश में है. जो किया, इसी ने किया. मैंने माफ़ नहीं किया."
(सही) बिमला